धागा: बिजागरीचं जुनं शिकारी धनुष्य. मूळ सांधा तसाच ठेवावा की नवीन करावा?

लाकूडवेड (लान्सिंग, मिशिगन)

नमस्कार मंडळी. या विभागात आजवर मी फक्त वाचत आलो, पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडा लांब होईल.

मागच्या महिन्यात इथून तासाभरावर एका जुन्या घरातल्या सामानाची विक्री होती. अवजारांचा ढीग बघावा म्हणून गेलो होतो. गॅरेजच्या भिंतीवर, मासेमारीच्या गळांच्या शेजारी, कॅनव्हासची एक पिशवी लटकत होती. आत मुठीपाशी दुमडलेलं लाकडी धनुष्य. लाकूड ओसेज ऑरेंजचं, हे नक्की, कारण त्याचं वजन आणि रेषा मी ओळखतो. सपाट पाती, टोकांना शिंगाची खाच, फायबरग्लास कुठेही नाही. मुठीवर चामडं गुंडाळलेलं होतं आणि ते सुटत आलं होतं. त्याखाली पोलादी बिजागरी. दोन पट्ट्या, प्रत्येकीला चार स्क्रू, मध्ये एक जाड खिळी. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. उलगडल्यावर टोकापासून टोकापर्यंत साधारण ६४ इंच भरतं, दुमडल्यावर त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त.

अडचण अशी की सांध्यात झोल आहे. हातात धरून हलवलं की खुळखुळ ऐकू येते. खालच्या पट्टीचा एक स्क्रू गायब आहे आणि एक नुसताच फिरतो, धरत नाही. ओळखीचा एक मशीनिस्ट म्हणाला, "दे माझ्याकडे, स्टेनलेसमध्ये अख्खी बिजागरी नवीन करून देतो, घट्ट बसेल." दोन दिवस मनात तेच घोळतंय. धनुष्य मला वापरायचं नाही. पण तुटकं ठेवायलाही जीव होत नाही.

माझे बाबा कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं फिटर होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी उघडून बघ, मग कानस लाव." म्हणून उघडायच्या आधी तुम्हाला विचारतोय. इथे कुणी असे दुमडते किंवा जोडाचे सांधे हाताळलेत का?

---

वासंती_पेन्सिल्वेनिया

लाकूडवेड, अभिनंदन. अशी वस्तू सहसा मिळत नाही. मी पंधरा वर्षं जुनी अमेरिकन धनुष्यं जमवतेय आणि बिजागरीची आजवर तीनच हातात आली. उत्तर देण्याआधी एक प्रश्न: खिळी मुठीच्या पाठीकडे आहे की पोटाकडे? पाठ म्हणजे निशाणाकडची बाजू, पोट म्हणजे दोरीकडची.

पहिल्यांदा हे विचारते, कारण सगळं त्यावर ठरतं. दोरी चढवल्यावर दोन्ही पात्यांची टोकं तुमच्याकडे ओढली जातात. त्यामुळे मुठीची पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. खिळी पाठीकडे असेल तर दोरीचा ताण सांधा मिटवतो: पोटाकडचे दोन्ही चेहरे, म्हणजे सांध्याचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग, एकमेकांवर दाबून बसतात, खिळी ताण घेते, वेगळ्या खटक्याची गरज उरत नाही. दोरी उतरवली की धनुष्य पाठीच्या दिशेने दुमडतं. दोरी चढलेली असताना ते दुमडूच शकत नाही, कारण तसं व्हायला टोकं आणखी लांब जावी लागतील. खिळी पोटाकडे असेल तर सगळं उलटं. ताण सांधा उघडू पाहतो, आणि तो खटक्याने किंवा कडीने अडवावा लागतो. तो खटका निसटला तर धनुष्य तोंडावर येतं. अशा धनुष्याला मी दोरी चढवत नाही आणि दुसऱ्या कुणाला चढवू देत नाही.

---

लाकूडवेड

पाठीकडे आहे, वासंतीताई. आत्ता जाऊन पुन्हा बघितलं. पोटाकडचे चेहरे लाकडाचे नाहीत, त्यांवरही पातळ पोलादी टोप्या आहेत. उजव्या बाजूला दोन्ही टोप्या एकमेकींना टेकतात, डाव्या बाजूला कागद शिरेल एवढी फट राहते.

---

वासंती_पेन्सिल्वेनिया

मग ज्याने केलं त्याला काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. लाकडावर लाकूड दाबलं तर वर्षा-दोन वर्षांत चेहरे चेपतात, म्हणून टोप्या. मला वाटतं हे कारखान्यातलं नाही. तुमच्या भागात १९३० आणि ४० च्या दशकांत मोटार कारखान्यांत साचे-हत्यारं बनवणारे शेकडो कारागीर होते आणि त्यांतले कितीतरी हौसेने तिरंदाजी करायचे. हाताशी लेथ आणि दिवसभर मिलिंगची सवय असलेल्या माणसाचं हे काम दिसतं. नाव नाही म्हणून किंमत कमी धरू नका.

आता झोलाबद्दल. खिळीचं भोक थोडं लांबोळं झालं असेल तर हातात खुळखुळणारच. पण दोरीचा ताण आला की खिळी भोकाच्या एकाच कडेला जाऊन बसते आणि खुळखुळ थांबते. म्हणजे हातातला झोल हा खरा दोष नाही. खरा दोष डाव्या बाजूची फट. ती फट चेहरे झिजल्यामुळे नाही, खालची पट्टी स्क्रू सैल झाल्याने तिरकी झाली म्हणून असावी. आधी स्क्रूंकडे बघा.

---

प्रदीप_अभियंता (पुणे)

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगतो. यंत्रामध्ये झिजलेला भाग बदलतात. भोक रीमरने साफ करून पाव मिलिमीटर मोठी खिळी घातली तर सांधा पुढची पन्नास वर्षं बसेल. मूळ खिळी एका डबीत जपून ठेवा, म्हणजे इतिहासही गेला नाही. लांबोळं भोक तसंच ठेवलं तर प्रत्येक वापरात ते आणखी वाढणार.

---

वासंती_पेन्सिल्वेनिया

प्रदीप, खिळी डबीत ठेवता येते. भोक ठेवता येत नाही. रीमर फिरला की त्या माणसाने पाडलेलं भोक कायमचं गेलं, आणि त्या भोकाची झीजच सांगते की हे धनुष्य खरंच वापरलं गेलं होतं, किती आणि कोणत्या बाजूने. वापरात वाढेल म्हणता, पण लाकूडवेड वापरणारच नाहीत. त्यांचा प्रश्न संग्रहातल्या वस्तूचा आहे, यंत्राचा नाही.

---

प्रदीप_अभियंता (पुणे)

वापरणार नसतील तर मान्य. मी वापर गृहीत धरला होता. मात्र एक सांगतो: नवीन बिजागरी स्टेनलेसची केली तरी मूळ पट्ट्यांच्या जागी ती तंतोतंत बसणार नाही, त्यामुळे आठही स्क्रूंची भोकं हलतील. मशीनिस्टला नाही म्हणा.

---

तिरंदाज_नाशिक

मी मुलांना तिरंदाजी शिकवतो, संग्राहक नाही. पण इथे सुरक्षेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

दोरी चढवायचीच असेल तर आधी दोन्ही पात्यांवर, विशेषतः पाठीवर, बोटाचं नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे सालपट सुटलंय. बाजूने टॉर्च धरा, आडवी रेघ दिसली तर विषय संपला. दोरी आधुनिक, न ताणणारी घालू नका. जुन्या टोकांना मजबुतीचा थर नसतो, अशा दोरीचा झटका शिंगाची खाच चिरतो. डेक्रॉनची बी-५० दोरी थोडी ताणते आणि झटका पोटात घेते, जुन्या लाकडाला तीच. पायात अडकवून धनुष्य वाकवू नका, स्ट्रिंगर (दोरी चढवायला मदत करणारं साधन) वापरा. आणि बाणाशिवाय दोरी ओढून सोडणं कधीच नाही. बाणात जाणारी सगळी शक्ती लाकडात परत येते.

बिजागरी असलेल्या, वय माहीत नसलेल्या धनुष्याला मी स्वतः दोरी चढवणार नाही. भिंतीवरही ते बिनदोरीचंच शोभतं.

---

धातुज्ञ_नागपूर

पट्ट्या पोलादी आहेत म्हणून बरं. पण हा धागा पुढे पितळी जोड असलेलेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात घोडागाडीत नेता यावं म्हणून लांब धनुष्य मुठीपाशी दोन भागांत करत. त्याला कॅरेज बो म्हणतात. एका भागावर धातूची नळी, दुसऱ्यावर तिच्यात शिरणारा तुकडा, मासेमारीच्या काठीसारखंच. पुढे अमेरिकेत लेमनवुड नावाच्या लाकडाच्या शिकारी धनुष्यांनाही तशीच नळी आली. जिथे ही नळी पातळ पितळेची असते तिथे ती ओढून बनवलेली असते आणि तिच्या अंगात ओढण्याचा ताण शिल्लक राहतो.

अशा पितळेला अमोनिया लागला तर ते उभं चिरतं. हे आपल्याच देशात लक्षात आलं. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असत आणि ती आपोआप तडकत. कारण पुढे १९२१ मध्ये स्पष्ट झालं: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पत्र्यात अडकलेला ताण, तिन्ही एकत्र. पितळ चमकवणाऱ्या कितीतरी द्रावणांत अमोनिया असतो. नळी चमकते आणि महिन्या-दोन महिन्यांनी केसासारखी चीर दिसते. चिंचही नको. आपल्या घरात पितळेची भांडी चिंचेने घासतात, भांड्याला ते चालतं. शंभर वर्षांच्या नळीवरचा काळपट थर मात्र चिंच एका घासण्यात काढून टाकते आणि खाली गुलाबी डाग येतात, कारण आम्लात जस्त आधी विरघळतं. कोरडं सुती फडकं, मग पातळ मेण, बस.

पोलादाच्या तांबूस गंजाला बारीक स्टील वूल आणि एक थेंब मशीन ऑइल. तेल लाकडात उतरू देऊ नका, पट्टीभोवती कागदी टेप लावून घ्या.

---

सावंतवाडीचा

ओसेज ऑरेंज हे तुतीच्या कुळातलं झाड, आपला फणसही त्याच कुळातला. फणसाची ताजी फळी पिवळीधमक असते आणि उजेडात ठेवली की वर्षागणिक तपकिरी होत जाते. आमच्या घरातली फणसाची दारं आता जवळजवळ काळी झालीत, पण कडीची पट्टी काढली तर खाली अजून पिवळं लाकूड दिसतं. ओसेजचंही असंच होतं का? तसं असेल तर लाकूडवेड, पट्टी काढताना खालचा रंग बघा. पट्टी पहिल्यापासून तिथेच असेल तर तिच्याखाली तिच्याच आकाराचं पिवळं राहिलं असेल. नंतर कुणी बदलली असेल तर दोन आकार दिसतील.

---

वासंती_पेन्सिल्वेनिया

सावंतवाडीकर, हुबेहूब असंच होतं. ही खूण मला पंधरा वर्षांत कुणी सांगितली नव्हती. उद्या माझी तिन्ही काढून बघते.

स्क्रूंवरूनही काळ कळतो. अधिकाच्या खुणेची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरच बाजारात आला. १९१० चं म्हणून विकलेल्या धनुष्यावर तो दिसला तर स्क्रू नंतरचा, किंवा वर्ष खोटं. लाकूडवेड, तुमचे स्क्रू कसे आहेत?

---

लाकूडवेड

सातही एका सरळ खाचेचे. डोकी सपाट, पट्टीत बुडवलेली.

---

निसर्गमित्र_भंडारा

मी वेगळ्या गोष्टीवर लिहितो. शिकारीच्या हत्याराबद्दल इतक्या मायेने लिहिलेलं वाचून मला त्रास होतो. आमच्या भागात वाघ, रानडुक्कर आणि माणूस एकाच वाटेने चालतात. हे धनुष्य कुठल्या जनावराच्या अंगात बाण घालायलाच बनवलं होतं, हे आपण विसरू नये असं वाटतं.

---

वासंती_पेन्सिल्वेनिया

विसरत नाही. तुम्ही लिहिलंत ते बरंच केलं. ज्यांच्या नावाची धनुष्यं मी जमवते त्या अमेरिकन धनुष्यकार फ्रेड बेअर यांनी १९६३ मध्ये भारतात येऊन धनुष्याने वाघ मारला होता. त्याचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी दिवस त्यांच्या एकाही धनुष्याला हात लावला नाही. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तो यायलाच हवा होता, आणि माझ्या मते उशिरा आला. मी शिकार करत नाही आणि जमवलेल्या धनुष्याने करूही देत नाही. पण सांधा कापणाऱ्या हाताची अक्कल मला महत्त्वाची वाटते. ती जपताना त्या हाताने काय केलं तेही सांगायला हवं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. माझ्या यादीत यापुढे ते लिहीन.

---

निसर्गमित्र_भंडारा

एवढं पुरेसं आहे. धन्यवाद ताई.

---

मंगेश_न्यूजर्सी

विषय निघालाच आहे तर विचारतो. मला बेअरचं जोडाचं धनुष्य, टेकडाऊन, घ्यायचं आहे. एक विक्रेता म्हणतो की त्याच्याकडे बेअरचं "१९५३ चं कॅनडात बनवलेलं" धनुष्य आहे, पातीवर तसं छापलंय. खरं का? आणि टेकडाऊनच्या खटक्यांत काय बघायचं?

---

वासंती_पेन्सिल्वेनिया

मंगेश, पैसे देऊ नका, निदान त्या भावात तरी. जुन्या बेअर धनुष्यांवर पेटंटचा आकडा २,६१३,६६० आणि त्यापुढे "कॅनडा १९५३" असं छापलेलं असतं. ते कॅनडातल्या पेटंटचं वर्ष आहे, धनुष्याचं नाही. हाच मजकूर पुढे कितीतरी वर्षं, साठच्या दशकातल्या धनुष्यांवरही, छापत राहिले. धनुष्यं मिशिगनमधल्या ग्रेलिंगची. कारखाना १९४७ मध्ये डेट्रॉइटहून तिथे गेला आणि १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला हलला. म्हणून गावाचं नाव आधी वाचा. ग्रेलिंग असेल तर १९७८ च्या आधीचं, गेन्सव्हिल असेल तर नंतरचं. मुठीवरचं नाणं, म्हणजे बेअरचं गोल चिन्ह, लाकडाच्या पातळीत बसवलेलं आहे की वर उचललेलं, तेही बघा. उचललेलं नाणं सत्तरच्या दशकातलं किंवा त्यानंतरचं.

टेकडाऊन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. लहान विमानाने रानात उतरणाऱ्याला पाच फुटी काठी कुठेच ठेवता येत नाही, आणि बर्फात पाना शोधत बसायलाही वेळ नसतो. म्हणून हत्याराशिवाय बसणारा खटका. पात्याचं बूड मुठीच्या खाचेत सरकवायचं आणि बिजागरीचा खटका वरून दाबायचा, की तो टक् आवाज करून बसतो. मुठी ए, बी, सी अशा वाढत्या लांबीच्या आणि पाती १, २, ३ क्रमांकांची, त्यामुळे एकाच मुठीवर वेगवेगळी लांबी जमते. ए मुठीवर १ नंबरची पाती लावली की ५६ इंच. शिकाऱ्यांना झुडपांतून जायला तेच आवडायचं.

विकत घेताना खटका दहा-बारा वेळा उघडून मिटून बघा. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आला पाहिजे. एक बाजू मऊ बसत असेल तर खिळी झिजली आहे. खटक्याच्या कानाजवळ भिंगाने चीर शोधा. मूठ मॅग्नेशियमची असेल तर रंगाखाली पांढरी भुकटी दिसते का बघा, तो गंज. आणि पात्यांचे क्रमांक मुठीशी पहिल्यापासूनच्या जोडीचे आहेत का, हे विचारायला लाजू नका. माझ्याकडे एका जाहिरातीवरून आलेलं एक "मूळ" धनुष्य निघालं तेव्हा वरचं पातं एका दशकातलं आणि खालचं दुसऱ्या.

---

इतिहासप्रेमी_सातारा

मुठीशी उघडणारी धनुष्यं आपल्याकडेही होती. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात भारतात अख्खी पोलादाची धनुष्यं बनत. त्यांतली काही मुठीच्या मधोमध आट्यांनी फिरवून दोन तुकड्यांत वेगळी होत, आणि वरून सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर बसवलेली नक्षी. शिंग, लाकूड आणि स्नायूंचं संमिश्र धनुष्य पावसाळ्यात सरस सुटून निकामी व्हायचं, पोलादाला ती भीती नव्हती. जोडाच्या धनुष्याची कल्पना फक्त विसाव्या शतकातल्या अमेरिकेची असं कुणी समजू नये म्हणून सांगितलं.

---

धातुज्ञ_नागपूर

बरोबर. आणि पोलादाची भीती वेगळी. विसाव्या शतकात स्वीडनच्या सीफॅबने आणि इंग्लंडच्या अपोलोने पोकळ पोलादी नळीची धनुष्यं काढली, तीही जोडाची. ती आतून गंजतात, बाहेरून चकचकीत दिसतात आणि एखाद्या दिवशी ओढताना तुटतात. कुणाकडे असेल तर भिंतीवरून उतरवू नका.

---

लाकूडवेड

आज रविवार, वेळ मिळाला. काय केलं ते सांगतो.

आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढले. चामडं ओलसर फडक्याने मऊ करून उलगडलं, कापलं नाही. स्क्रू कुठला कुठे ते कागदावर रेखाटून त्यावरच चिकटवले. गंजलेला एक स्क्रू निघेना. सोल्डरिंगची कढत टोचणी त्याच्या डोक्यावर मिनिटभर धरली, गार होऊ दिलं, मग बरोबर रुंदीच्या स्क्रूड्रायव्हरने सुटला. खालची पट्टी काढली आणि खालचं लाकूड बघून मी किती वेळ तसाच उभा राहिलो. पिवळं, फणसाच्या गऱ्यासारखं. एकच आकार, पट्टीचाच, कडेला कुठेही दुसरी सावली नाही. सावंतवाडीकर, ही खूण तुमच्यामुळे बघितली.

स्क्रूचं भोक मोठं झालं होतं. त्यात ओसेजचीच बारीक काडी तासून सरसाने बसवली. इपॉक्सी मुद्दाम वापरलं नाही. सरस कोमट पाण्याने पुन्हा सुटतो, उद्या कुणाला माझं काम चुकीचं वाटलं तर ते काढू शकेल. हरवलेल्या स्क्रूच्या जागी जुन्या कपाटातून काढलेला, एका खाचेचा, त्याच लांबीचा घातला आणि तो बदललेला आहे हे कागदावर लिहून पिशवीत ठेवलं. पट्टी सरळ झाली. डाव्या बाजूची फट गेली, आता कागद शिरत नाही. हातात अजून खुळखुळतं. खुळखुळू दे.

दोरी चढवली नाही. दोन लाकडी खुंट्यांवर आडवं ठेवलंय, खिडकीपासून लांब.

पट्टी उलटी केल्यावर आतल्या बाजूला, खिळीजवळ, दोन ठिपके दिसले, पंचने मारलेले. वरच्या पट्टीवर तिथेच दोन. मला ते गंजाचे खड्डे वाटले. बाबांना कॉल लावून कॅमेरा जवळ धरला. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "ही जोडीची खूण. दोन भाग एकमेकांना घासून बसवले की आम्ही पण असेच ठिपके मारायचो, म्हणजे दुसऱ्याच्या जोडीत मिसळत नाहीत. दोन ठिपके आहेत ना?"

मी हो म्हणालो.

"मग त्याने निदान दोन केली होती. एक ठिपक्याचं अजून कुठेतरी असेल. बघ."